चार टायरांच्या बदल्या

माझ्या दुकानात एक फळा आहे. शाळेत असतो तसाच, काळा, लाकडी चौकटीचा. एका शाळेनं हिरवे फळे घेतले तेव्हा हा मी उचलून आणला आणि हवा भरायच्या मशीनच्या वर टांगला. टायरच्या दुकानात फळा कशाला, असं ज्यानं विचारलं तो संपला. मी त्याला स्टुलावर बसवतो, खडू हातात घेतो, आणि पुढची वीस मिनिटं त्या माणसाची सुटका नाही. गाडी जॅकवर चढलेली, चाकं काढलेली. पळून पळून जाईल कुठे?

अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाताना डाव्या हाताला माझं दुकान लागतं. सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी टायर किती बसवले ते ठाऊक नाही, पण भाषणं नक्कीच त्याहून जास्त दिली असतील. बायको म्हणते, "तुमी नाटकात जायले पाहिजे होतं, लोकायच्या गाड्या तरी वाचल्या असत्या." हे ती थट्टेत म्हणायची. नंतर एकदा ते खरं ठरलं, तीच गोष्ट सांगायची आहे. पण आधी फळा.

फळ्यावर मी चार चौकोन काढतो. पुढे दोन, मागे दोन. मग सुरू होतो. पुढचे दोन टायर म्हणजे मेळघाटात नेमणूक झालेले मास्तर. आजकालच्या बहुतेक लहान गाड्यांत ओढायचं त्यांनीच, वळायचं त्यांनीच, ब्रेक लागला की सगळा भार अंगावर घ्यायचा तोही त्यांनीच. मागचे दोन म्हणजे शहरात टेबल मिळालेले. पुढचे नेतील तिकडे जायचं. साहजिकच पुढचे लवकर झिजतात. नक्षी जाऊन टायर हंड्यासारखा गुळगुळीत झाला की आम्ही म्हणतो, टायर गोटा झाला. पुढचे दोन गोटा आणि मागचे दोन कोरे, असं होऊ नये म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला त्यांच्या बदल्या करायच्या.

आता कोणाची बदली कुठे, यातच सगळी विद्या आहे. पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी असेल तर पुढचे टायर सरळ मागे जातात, आणि मागचे पुढे येताना बाजू बदलतात. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. फळ्यावर त्याची फुली पडते. मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी गाडी असेल तर फुली उलटी, म्हणजे मागचे सरळ पुढे आणि पुढचे बाजू बदलून मागे. काही टायरांच्या अंगावर बाण असतो. तो टायर एकाच दिशेनं फिरायला जन्मलेला असतो, म्हणून त्याला फक्त पुढे-मागे करायचं, बाजू कधी बदलायची नाही. एवढंच. ज्याला बोलता येत नाही तो हे दोन मिनिटांत सांगतो.

गिऱ्हाइकंही माझ्यासारखीच भेटली. अंजनगाव सुर्जीचे एक गृहस्थ स्टेपनी कधी वापरू देत नाहीत. दसऱ्याला गाडीची पूजा होते तेव्हा डिकी उघडून तिलाही हार घालतात. मी म्हटलं, "काका, पाचवा टायर बी फिरवला तं पाचही सारखे झिजतीन." ते म्हणाले, "घरात एक तरी कोरा असला पाहिजे बाप्पा." दुसरे एक सहा महिन्यांनी गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "सगळी हवा काढ अन् नवी भर. कुबट झाली असंन." मी काढली आणि भरली. भरताना चेहरा गंभीर ठेवला. असा चेहरा ठेवायला मला फार आवडतं.

हे सगळं मी शिकलो अकोल्याच्या सत्तार उस्तादांकडे. मोर्णेच्या पुलापलीकडे त्यांचं दुकान. आता सत्तरी ओलांडली, तरी रोज येऊन बसतात. उस्ताद बोलायचे फार कमी. आमचे डोळे मिटायला लावून टायरवर तळहात फिरवायला सांगायचे. इकडून तिकडे गुळगुळीत आणि तिकडून इकडे करवतीसारखं लागलं, तर टायरला दाते पडले. एका काठाला धार लागली, तर चाकं तिरपी. त्यांचा एकच कायदा होता: ज्यानं बांधलं त्यानंच खोलायचं. कोणाच्या हातून चूक झाली, तर दुसऱ्यानं पाना उचलायचा नाही. ज्याची चूक त्यानंच, गिऱ्हाइकासमोर, काय चुकलं ते तोंडानं सांगून दुरुस्त करायचं. मी त्यांच्याकडे पाच वर्षं होतो. टायर शिकलो. तोंडानं सांगायचा भाग तेवढा अंगाला लागला नाही.

तर गावंडे मॅडम.

मॅडम शाळेत शिकवतात. वय बावन्न. वडील मोर्शीला संत्र्याच्या बागेत एकटे राहतात. ते पाय घसरून पडले तेव्हापासून दर शनिवारी शाळा सुटली की मॅडम मोर्शीला जाऊ लागल्या. एसटीत उभं राहून गुडघे गेले. तेव्हा त्या गाडी शिकल्या आणि स्वतःच्या पैशानं एक जुनी लहान गाडी घेतली. त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, या वयात बायकांनी नव्यानं गाडी शिकू नये. ते स्वतः कधीच शिकले नव्हते, हा भाग वेगळा.

त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा टायर बागेतल्या काळ्या मातीनं गच्च भरलेले होते. आपल्याकडची माती टायरला एकदा धरली की सोयरिकीसारखी सुटत नाही. मी मॅडमना स्टुलावर बसवलं आणि चौकोन काढले. मास्तरांच्या बदल्यांवर त्या हसल्या नाहीत. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. फुली काढली तसं त्यांनी बोट वर केलं.

"डावा टायर उजवीकडे गेला, तर तो उलटा फिरेल ना?"

"फिरन मॅडम. पण या टायरले काही फरक पडत नाही."

"याला म्हणजे? काहींना पडतो?"

"बाण असला तं पडते. हे घ्या, पाहून घेतो."

आणि मी पाहिलं. म्हणजे काय केलं, ते आता सांगूनच टाकतो. टायरवरचा बाण काळ्यावर काळा असतो, करंगळीच्या नखाएवढा. पन्नाशीच्या आसपास मला जवळचं दिसेनासं झालं होतं. चष्मा केलेला होता, गल्ल्यात पडून होता. गिऱ्हाइकासमोर चष्मा लावून वाकलेला मेकॅनिक मला शोभत नव्हता. म्हणून मी डोळे मिटून उस्तादांसारखी बोटं फिरवली. बोटांना माती लागली. नक्षीवरून तरी कळायला हवं होतं, पण नक्षीतही मातीच. मी डोळे उघडून जाहीर केलं, "बाण नाही."

आधीच्या मालकानं हौसेनं महागाचे बाणवाले टायर टाकले होते. चारही. मी फुली मारली. मागचे दोन पुढे आले ते उलटे होऊन.

चारेक महिन्यांनी मॅडम परत आल्या. या वेळी मागच्या सीटवर गावंडे साहेब होते. गाडी गुंई गुंई आवाज करत होती, आणि आठवड्यापूर्वी मोर्शी रोडवर साचलेल्या पाण्यातून जाताना ती सरकून थेट कडेच्या बाभळीपर्यंत गेली होती. कोणाला लागलं नाही. पण साहेबांनी घरात ठराव मांडला होता, गाडी विकायची. मॅडम म्हणत होत्या, दोष गाडीत असेल तर दुरुस्त करू. पंच म्हणून मला निवडलं होतं.

पंच म्हटल्यावर माझ्या अंगात येतं. मी मॅडमच्या शेजारी बसलो, गाडी चालवायला सांगितली, डोळे मिटले आणि एक हात वर धरला. गवई सूर ऐकतो तसा आवाज ऐकला. बडनेऱ्याच्या पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. उतरून टायरांकडे पाहावं, हे सुचलंच नाही. टायरवाला मी! हात खाली घेतला आणि निकाल दिला:

"गाडीत दोष नाही मॅडम. तुमी वळणावर ब्रेक दाबता. त्यानं टायर घासते, म्हणून आवाज. दोष पायात आहे."

मागून साहेब म्हणाले, "मी काय सांगून राहिलो होतो?"

 मॅडमनी किल्ली काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, निकाल पटला. मी खुशीत येऊन त्यांना उस्तादांचा किस्सा ऐकवला. अकोल्याच्या पुलापलीकडे माझे गुरू कसे नुसत्या तळहातानं टायरचं दुखणं ओळखतात वगैरे. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. दुकान नेमकं कुठे, तेही विचारलं. मला वाटलं, माझ्या सांगण्यात रस आहे.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. उस्ताद फोन करत नाहीत. ईदला मी करतो तेव्हा ते "हां, हां" म्हणून ठेवून देतात.

"दिल्या, चश्मा कब लगायेंगा?"

"काय झालं उस्ताद?"

"तेरे गाँव की एक मॅडम आयी है। सुट्टी डाल के, अकेली गाडी चलाते आयी। सामने के दोनों टायर उलटे हैं। बाण पीछे कू देख रहा। दाते ऐसे पडे के उस पे जवारी पीस लो।"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. सरकली कसली, बाभळीपर्यंत गेली.

"उस्ताद, तुम्हीच करून द्या ना. वीस मिनिटांचं काम."

"दस मिनट का है। मैं नहीं करूँगा। किसने बाँधा?"

"मी."

"तो कौन खोलेंगा?" मग म्हणाले, "परसों ग्राहक आ रहा गाडी देखने। उसका आदमी बेच रहा। मॅडम बोली, आप के शागिर्द ने मेरे पाँव में दोष निकाला। मैं ने बोला, बेटी, आज सडक सूखी है, आहिस्ता जाव। अब तू देख ले।"

शनिवारी मी मॅडमकडे गेलो नाही. का गेलो नाही, तर तयारी करत होतो. आरशासमोर. पहिली तयारी: "टायर कंपनीनं बाण फार बारीक छापला." दुसरी: "रस्त्याच्या उष्णतेनं टायरचा स्वभाव बदलतो." तिसरी इतकी सुंदर होती की ती म्हणताना मला स्वतःलाच पटली. बायको दारात उभी होती. म्हणाली, "अन् खरं कोणतं?" मी म्हटलं, ते अजून बसवलेलं नाही.

शनिवारी मॅडम मोर्शीला गेल्या नाहीत, हे मला नंतर कळलं. साहेबांनी किल्ली कपाटात ठेवली होती. ग्राहक येईपर्यंत गाडीला ओरखडा नको म्हणून.

रविवारी सकाळी मी जॅक आणि पाना स्कूटरवर बांधून त्यांच्या घरी पोचलो. अंगणात गाडी धुऊन उभी. साहेब, आणि गाडी घ्यायला आलेले अंजनगावकडचे एक बागाईतदार, ज्यांना सगळे तात्या म्हणत होते, बोनेट उघडून असे पाहत होते, जणू आत मांजर व्यालं आहे. मॅडम पायरीवर उभ्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या. वाटच पाहून राहिली होती."

मी गळा साफ केला. "साहेब, टायर ही फार गुंतागुंतीची चीज आहे. माणसाचा स्वभाव जसा हवामानानं..."

"दिलीपभाऊ," मॅडम म्हणाल्या, "फळा दुकानातच ठेवला असंन तं बरं होईन."

तात्या हसले. माझी तिन्ही भाषणं तिथंच अंगणात पडली. मी खिशातून चष्मा काढला, लावला, पुढच्या टायरपाशी उकिडवा बसलो आणि बाणावर बोट ठेवलं.

"साहेब, हा बाण पाहा. पुढं पाहिजे, मागं आहे. दोन्ही टायर म्या उलटे बसवले. मॅडमनं तवाच विचारलं होतं, उलटा फिरन का म्हणून. म्या नाही म्हटलं. आवाज याच्यानं आहे. मॅडमच्या पायात काही दोष नाही."

साहेबांनी वाकून बाण पाहिला. "अन् पाण्यात गाडी सरकली ते?"

हा प्रश्न मी आरशासमोर घेतलाच नव्हता. "नक्षी पाणी बाहेर फेकायसाठी असते. उलटा टायर पाणी आत घेते. गाडीची पकड सुटते. ते बी माझ्यामुळंच झालं."

"बाभळीजागी टँकर असता तं?"

मी चष्मा काढून पुसला. 

"तुमाले विचारून राहिलो मी. टँकर असता तं? हिच्या बापाले काय सांगितलं असतं मी?" त्यांचा आवाज चढला आणि एकदम बसला. ते बायकोकडे पाहायला गेले आणि मधूनच परत टायरकडे पाहू लागले.

"तुले परवाच माहीत होतं?" त्यांनी टायरलाच विचारलं.

"होतं," मॅडम म्हणाल्या. "अकोल्यात म्या सोताच्या हातानं पाह्यलं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"म्या सांगितलं असतं तं तुमी म्हटलं असतं, बहाणे करून राहिली. यानं सांगितलं तं ऐकलं ना? याच्याच सांगण्यावरून गाडी विकायले काढली होती. म्हणून याचीच वाट पाह्यली. हा आला नसता तं गाडी जात होती."

मी खाली मान घालून जॅक लावला. पुढची दोन चाकं काढली, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. तात्यांनी सगळे नट आपल्या टोपीत सांभाळले आणि एकेक देत "घ्या मास्तर" म्हणत राहिले. वऱ्हाडात दारी आलेल्या माणसाला पाणीही न विचारणं ही साधी गोष्ट नाही. मला त्या दिवशी कोणी विचारलं नाही. बरोबरच होतं.

काम झालं. साहेब म्हणाले, "चालवून पाहू." मॅडम बसल्या, आम्ही तिघं कोंबलो. गल्लीच्या टोकापर्यंत गाडी गेली. गुंई गुंई.

"आवाज तं आहेच!" साहेब म्हणाले.

इथे मला खोटं बोलायला फार सोपं होतं. "कमी झाला ना?" एवढं म्हटलं असतं तरी चौघांपैकी तिघांना तसं वाटलं असतं. पण सांगितलं, "राहीन साहेब. उलटे दाते पडले ते सरळ चालून चालूनच जातीन. दोन-तीन हजार किलोमीटर तरी लागतीन. पाण्यातली पकड मात्र आजपासून."

"म्हणजे आज पाहायले काहीच नाही. तुमच्या शब्दावर राहायचं?"

"माझ्या नका राहू," मी म्हटलं. "मॅडमच्या राहा. त्या आधीपासून बरोबर होत्या."

तात्या मागून म्हणाले, "मले चालते आवाज. मी आवाजासकट नेतो. इंजीन लाख आहे."

मॅडमनी गाडी वळवून अंगणात आणली. बंद केली नाही. "तात्या, सैपाक झाला आहे. जेवल्याबिगर जायचं नाही. गाडी मात्र देणार नाही मी." मग साहेबांना म्हणाल्या, "काल बाबाची खेप हुकली. मी मोर्शीले चालली. कोणाले यायचं असंन तं बसून राहा, नाही तं उतरा."

तात्या उतरले. मी उतरलो. साहेबांनी दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला, आत-बाहेर पाहिलं, आणि तेही उतरले. गाडी गुंई गुंई करत गेली. आम्ही तिघं अंगणात उभे होतो, वरात निघून गेल्यावर मांडववाले उभे राहतात तसे.

संध्याकाळी उस्तादांना फोन केला.

"हो गया?"

"झालं."

"मुँह से बोला?"

"बोललो."

"चाय पिलायी उन्होंने?"

"नाही."

"अच्छा किया," म्हणाले आणि ठेवून दिला.

तेव्हापासून चष्मा नाकावर असतो. फळाही आहे. भाषण वीस मिनिटांवरून बारावर आलं आहे. बायको म्हणते पंधरा. टायरचं बिघडलेलं चालून चालून सुधारतं, हे मी लोकांना सांगतो. "दोष पायात आहे" हे वाक्य मात्र कसं खोलायचं, ते मला कोणी शिकवलं नाही. एक बाई बावन्नाव्या वर्षी गाडी शिकते, आणि मी तिला तिच्याच नवऱ्यासमोर सव्वा वाक्यात आरोपी करतो. तेही डोळे मिटून, हात वर धरून.

मॅडम माझ्याकडे पुन्हा कधी आल्या नाहीत. दर आठ-दहा हजार किलोमीटरला त्या टायरांच्या बदल्या करायला अकोल्याला जातात. दहा मिनिटांच्या कामासाठी जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. रस्ता माझ्याच दुकानासमोरून जातो. गाडी जवळ आली की त्या एकदा हॉर्न वाजवतात, लांब. तो नमस्कार असतो की आणखी काही, हे मी विचारायला जाणार नाही.

परवा गेल्या तेव्हा मी कामातून उठून रस्त्याच्या कडेला आलो. गाडीचा आवाज अगदी साफ. रात्री पाऊस झाला होता, दुकानासमोरच्या खड्ड्यात पाणी होतं. मॅडमनी वेग जरा कमी केला, ब्रेक वेळेवर सोडला आणि गाडी पाण्यातून रेषेत काढली. पाणी दोन्ही बाजूंना उडालं, थोडं माझ्या पॅंटवरही. आणि शेजारच्या सीटवर गावंडे साहेब तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.